नॉर्थ कॅरोलिनाची वादळं

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जून २०२० मध्ये 'निसर्ग' वादळात शाळेची कौलं उडाली तेव्हा आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फोटो येत होते. त्यात एका मैत्रिणीनं मला विचारलं होतं, "तुमच्याकडे तर दरवर्षी वादळं येतात म्हणे. मग तिथली माणसं करतात तरी काय? आणि राहतात कशाला तिथे?" तेव्हा मी दोन ओळींत काहीतरी उत्तर दिलं. आता संयोजकांनी चाळीस मिनिटं दिली आहेत, तर नीट सांगतो. मी स्थापत्य अभियंता. पावसाच्या पाण्याचा निचरा हा माझा पोटापाण्याचा धंदा. १९९४ पासून रॅले या गावाजवळ राहतो. त्यामुळे बोलताना मी वाऱ्यापेक्षा पाण्याकडे जास्त झुकेन. पण तसं झुकायला कारण आहे, ते पुढे येईलच.

आधी नकाशा. भूगोलाच्या बाई पहिल्या रांगेत बसल्या आहेत म्हणून जरा जपूनच काढतो.

नॉर्थ कॅरोलिना हे अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरचं राज्य. आकारानं महाराष्ट्राच्या निम्म्याहून लहान, वस्ती एक कोटीच्या थोडी वर. पूर्वेला अटलांटिक महासागर, पश्चिमेला डोंगर. तिथला माउंट मिचेल आपल्या कळसूबाईपेक्षा सुमारे चारशे मीटरनं उंच आहे. आपल्या कोकणात समुद्राकडे पाठ केली की सह्याद्री समोर दिसतो. तिथे तसं नाही. किनाऱ्यापासून दीड-दोनशे किलोमीटर जमीन ताटासारखी सपाट. आपल्या नद्या घाटावरून उडी मारतात आणि काही तासांत खाडीला मिळतात. तिथल्या नद्या रेंगाळत, वळणं घेत जातात. पाऊस थांबून तीन दिवस झाले, लख्ख ऊन पडलं, आणि मग घरात पाणी शिरलं, असं तिथे होतं. हे आपल्या माणसाला पटवून देताना मला फार कष्ट पडतात.

किनाऱ्याच्या पुढे समुद्रात वाळूच्या लांबलचक, अरुंद बेटांची माळ आहे. तिला आउटर बँक्स म्हणतात. काही ठिकाणी ही बेटं इतकी अरुंद की एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला आतलं पाणी, दोन्ही एकाच जागी उभं राहून दिसतात. हे आतलं पाणी म्हणजे पॅम्लिको साउंड. साधारण सव्वाशे किलोमीटर लांब, पण उथळ. परातीत पाणी घेऊन परात एका बाजूला कलती केली तर काय होईल, तसं वादळात या साउंडचं होतं. वारा आधी सगळं पाणी एका काठाला ढकलतो, मग वादळ पुढे सरकून वारा फिरला की तेच पाणी उलट येतं. म्हणजे बेटावरच्या माणसाला समुद्र पुढून मारतो आणि साउंड पाठीमागून. सप्टेंबर २०१९ मध्ये 'डोरियन' वादळात ओक्राकोक बेटावरचं गाव असंच पाठीमागून बुडालं.

या बेटांच्या माळेचं कोपर समुद्रात पुढे आलेलं आहे, ते केप हॅटरस. कॅरिबियन समुद्राकडून येणारी वादळं उत्तरेकडे वळतात तेव्हा त्यातली बरीच या कोपराला घासून जातात. जवळूनच गल्फ स्ट्रीम हा उष्ण प्रवाह वाहतो आणि पुढे वाळूचे उथळ दांडे पसरलेत. जहाजं इतकी बुडाली की त्या पाण्याला 'अटलांटिकचं स्मशान' म्हणतात.

आणि हो, आपण ज्याला चक्रीवादळ म्हणतो आणि ते ज्याला हरिकेन म्हणतात, ती वस्तू एकच. 'सायक्लोन' हा शब्द तर आपल्याच देशात घडला. कलकत्त्याला राहणाऱ्या हेन्री पिडिंग्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं तो १८४० च्या दशकात तयार केला. फरक हंगामाचा. आपल्याकडे पावसाळ्याच्या आधी आणि नंतर वादळं होतात, भर पावसाळ्यात वरचे वारे त्यांना उभं राहू देत नाहीत. तिकडे १ जून ते ३० नोव्हेंबर हा हंगाम, आणि जोर सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. म्हणजे आमच्याकडे बहुतेक गणपती आणि वादळ एकत्रच येतात. मंडळाचा कार्यक्रम ठरवताना सभागृहाच्या भाड्याच्या आधी हवामान बघावं लागतं.

इतिहास तसा जुना आहे. इंग्रजांनी अमेरिकेत पहिली वसाहत करायचा प्रयत्न केला तो याच राज्यातल्या रोआनोक बेटावर. जून १५८६ मध्ये फ्रान्सिस ड्रेक आपला ताफा घेऊन तिथे मदतीला आला, आणि नेमकं तेव्हाच वादळ झालं. जहाजं इकडेतिकडे विखुरली, ठरलेली मदत वाहून गेली, आणि वसाहतीतली माणसं ड्रेकबरोबर इंग्लंडला परत गेली. पुढच्या वर्षी आलेली दुसरी तुकडी नाहीशीच झाली. तिचं काय झालं ते आजही कोडं आहे.

सप्टेंबर १८४६ च्या वादळानं नकाशाच बदलला. एकाच तडाख्यात बेटांची माळ दोन ठिकाणी फुटली आणि दोन नवी मुखं तयार झाली, हॅटरस इनलेट आणि ओरेगॉन इनलेट. त्यातून पहिल्यांदा गेलेल्या आगबोटीचं नाव ओरेगॉन, म्हणून ते नाव. आता एखादं मुख फुटलं तर काय बिघडतं, असं वाटेल. पण तोवर जहाजांची वर्दळ ओक्राकोकच्या मुखातून होती, आणि त्याच्या काठावर पोर्ट्समथ नावाचं भरलेलं बंदर होतं. वाट बदलली आणि बंदराची रया गेली. शेवटची दोन माणसं १९७१ मध्ये तिथून निघाली. आणि १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं तेव्हा उत्तरेच्या आरमारानं आत शिरायला पहिलं दार निवडलं ते हॅटरस इनलेट. वादळानं पंधरा वर्षांपूर्वी उघडून ठेवलेलं.

आता दोन गोष्टी सांगतो त्या जरा सावकाश ऐका. त्या काळी या किनाऱ्यावर सरकारी जीवरक्षक ठाणी होती. दर काही मैलांवर एक ठाणं, सहा-सात माणसं, एक होडी, दोरखंड. रात्रभर किनाऱ्यावर गस्त घालायची आणि जहाज फुटताना दिसलं की माणसं काढायची. पी आयलंडच्या ठाण्याचा प्रमुख होता रिचर्ड एथरिज. जन्मानं गुलाम, पुढे यादवी युद्धात उत्तरेकडून लढलेला शिपाई. त्याच्या ठाण्यातले सगळेच जण कृष्णवर्णीय. असं त्या काळात संपूर्ण देशात दुसरं ठाणं नव्हतं. ११ ऑक्टोबर १८९६ च्या रात्री वादळात 'ई. एस. न्यूमन' नावाचं शिडाचं जहाज ठाण्याजवळ रुतलं. जहाजावर नऊ माणसं, त्यात कप्तानाची बायको आणि तीन वर्षांचा मुलगा. लाटा इतक्या की होडी घालणं अशक्य, आणि दोर फेकायची तोफ रोवायला कोरडी जागाच उरलेली नाही. तेव्हा एथरिजनं दोन गड्यांना एकमेकांना दोरानं बांधलं, दोराचं एक टोक किनाऱ्यावर धरलं आणि त्यांना पोहत पाठवलं. आधी लेकरू आणलं. एक जोडी दमली की दुसरी जायची. नऊच्या नऊ जिवंत आले.

या माणसांना सुवर्णपदक मिळालं. कधी? १९९६ मध्ये. बरोबर शंभर वर्षांनी, त्यातला एकही जण हयात नसताना.

दुसरी गोष्ट तीन वर्षांनंतरची, ऑगस्ट १८९९. त्या वादळाला पोर्तो रिकोत सान सिरियाको म्हणतात, कारण त्या संताच्या दिवशी ते तिथे आलं. तिथे तीन हजारांवर माणसं गेली. मग ते आमच्या किनाऱ्यावर आलं. रॅस्मस मिजेट नावाचा एक गस्तवाला पहाटे तीनच्या सुमारास घोड्यावरून जात होता. आधी पाण्यात लाकडं दिसली, मग हाका ऐकू आल्या. 'प्रिसिला' नावाचं जहाज फुटलं होतं. ठाणं तीन मैल मागे. परत जाऊन माणसं आणायची म्हटलं तर तोवर जहाज राहणार नाही. मग तो एकटाच. लाट मागे ओढली गेली की जहाजापर्यंत धावायचं, एकाला उडी मारायला सांगायचं, त्याला धरून पुढची लाट यायच्या आत वर यायचं. असे सात. उरलेले तिघे इतके गळाले होते की उडी मारणं शक्य नव्हतं. त्या तिघांना त्यानं एकेक करून पाठीवर आणलं. एकूण दहा. त्याला मात्र सुवर्णपदक लगेच मिळालं. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की वादळापलीकडचंही बरंच काही दिसतं, ते मी उलगडून सांगत नाही.

याच सान सिरियाको वादळात शॅकलफर्ड बँक्स या बेटावरचं डायमंड सिटी नावाचं गाव गेलं. नावात सिटी, पण होती कोळ्यांची वाडी. किनाऱ्यावरून होड्या घालून देवमासे मारणारी सुमारे पाचशे माणसं. जवळच्या दीपस्तंभावर काळ्या-पांढऱ्या चौकटी रंगवलेल्या आहेत, त्यावरून डायमंड. वादळाचं पाणी दोन्ही बाजूंनी आलं. बागा खारावल्या, झाडं मेली, विहिरी नासल्या, आणि कबरी उघड्या पडून शवपेट्या वर आल्या. माझ्या मते हे शेवटचं त्यांना सोसलं नाही. पुढच्या दोन-तीन वर्षांत अख्खं गाव उठलं. आणि कसं उठलं? घरं लाकडी. ती सुटी केली, होड्यांवर चढवली, साउंड ओलांडून हार्कर्स आयलंडला आणि मोअरहेड सिटीला नेली आणि तिथे पुन्हा उभी केली. त्या काळच्या माणसांनी कुणा सरकारी अधिकाऱ्याची वाट न पाहता स्वतःचं पुनर्वसन स्वतः केलं. १९०२ पर्यंत बेट रिकामं झालं. आज तिथे जंगली घोडे चरतात.

विसाव्या शतकातली मधली बरीच वर्षं मी ओलांडतो. १९३३ मध्ये एका हंगामात दोन, १९४४ मध्ये एक मोठं. थांबायचं ते १५ ऑक्टोबर १९५४ ला, 'हेझल'पाशी. तेव्हा नुकतीच वादळांना बायकांची नावं द्यायची पद्धत सुरू झाली होती. १९७९ पासून पुरुषांचीही देतात, म्हणजे तेवढा अन्याय दूर झाला. आपल्याकडच्या नावांची गंमत वेगळी. 'निसर्ग' हे नाव बांगलादेशानं दिलेलं आणि 'तौक्ते' म्यानमारनं.

तर हेझल. राज्याच्या दक्षिण टोकाला, कॅलाबॅश नावाच्या कोळ्यांच्या गावाजवळ ते जमिनीवर आलं. आणि आलं ते भरतीच्या वेळी, तीही कोजागिरीच्या सुमाराच्या उधाणाची भरती, वर्षातली सर्वांत मोठी. उधाण म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. त्यावर वादळानं ढकललेलं पाणी चढलं आणि समुद्र सुमारे १८ फूट वर आला. लाँग बीच या गावात ३५७ इमारती होत्या. संध्याकाळी ५ उरल्या होत्या. राज्यात १९ माणसं गेली. हंगाम संपलेला, पाहुणे परत गेलेले, म्हणून इतकीच.

पण हेझल तिथे थांबलं नाही. त्याच दिवशी ते उत्तरेकडे धावत कॅनडात टोरांटोला पोचलं. समुद्रापासून इतक्या दूर वादळ येईल हे तिथे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. नद्या रात्रीतून चढल्या आणि ८१ माणसं गेली. यानंतर दोन ठिकाणी दोन गोष्टी झाल्या. टोरांटोनं नदीकाठच्या सखल जमिनी विकत घेतल्या, तिथे घरं बांधायला बंदी केली आणि बागा केल्या. आज त्या शहरातले नदीकाठचे हिरवे पट्टे दिसतात, त्यामागे ते वादळ आहे. आणि लाँग बीच? ते पुन्हा बांधलं, पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त घरं, समुद्राला चिकटून. आता त्या गावाला ओक आयलंड म्हणतात. वादळ एकच, तारीख एकच. व्यवसायानं मी टोरांटोच्या बाजूचा आहे हे सांगायला हवं का?

१९९६ मध्ये 'फ्रॅन' आलं तेव्हा मी रॅलेत होतो. समुद्रापासून दोनशे किलोमीटर आत. रात्रभर ओक आणि पाइनची झाडं मोडण्याचा आवाज. सकाळी रस्ते दिसेनात. आठवडाभर वीज नव्हती. शेजारी पहिल्यांदाच एकमेकांशी पोटभर बोलले. फ्रीजमधलं मांस खराब होण्याआधी सगळ्यांनी रस्त्यावर शेगड्या लावल्या. त्यापलीकडे त्या वादळाबद्दल माझ्याकडे विशेष काही नाही, कारण ते मुख्यतः वाऱ्याचं होतं, आणि वाऱ्यानं पडलेलं महिन्याभरात आवरता येतं.

पाण्यानं बुडालेलं आवरता येत नाही. हे 'फ्लॉइड'नं शिकवलं, सप्टेंबर १९९९.

त्या उन्हाळ्यात केप हॅटरसचा दीपस्तंभ हलवला होता, ते आधी सांगतो. १८७० मध्ये बांधला तेव्हा तो समुद्रापासून १५०० फूट लांब होता. वाळू सरकत सरकत समुद्र पायाशी आला. मग हा चार हजार टनांहून जड, विटांचा मनोरा अखंड उचलला, रुळांवर ठेवला आणि २३ दिवसांत २९०० फूट मागे नेला. ९ जुलैला तो नव्या जागी पोचला. आणि ऑगस्टअखेर 'डेनिस' वादळ त्याच किनाऱ्यावर येऊन दिवसेंदिवस घुटमळलं, मग दोन आठवड्यांत फ्लॉइड. आमच्या धंद्यातल्या माणसाला यापेक्षा गोड वेळ साधलेली दुसरी गोष्ट माहीत नाही.

डेनिसनं जमीन भिजवून ठेवली होती. फ्लॉइडनं त्यावर काही ठिकाणी १५ ते २० इंच पाऊस ओतला. श्रीवर्धन-म्हसळ्याच्या माणसाला वीस इंच ऐकून काही वाटणार नाही, जुलैत आपल्याकडे तेवढा पाऊस सहज पडतो. पण मघाचं ताट आठवा. टार नदीचं पाणी जायलाच तयार नव्हतं. मेलेली डुकरं आणि कोंबड्या तरंगत होत्या, कारण त्या भागात वराहपालनाचे प्रचंड गोठे आहेत आणि त्यांच्या मलमूत्राची उघडी तळी. मृत्यू बहुतेक बुडून झाले, आणि त्यातही गाडीत बसून पाण्याचा रस्ता ओलांडताना.

टारच्या काठावर प्रिन्सव्हिल नावाचं छोटं गाव आहे, तेव्हा वस्ती दोनेक हजार. १८६५ मध्ये गुलामगिरी संपली तेव्हा मुक्त झालेली माणसं नदीपलीकडच्या सखल, दलदलीच्या जागेवर येऊन राहिली. ती जागा मिळाली कारण ती गोऱ्या मालकांना नको होती. का नको होती, तर पूर यायचा. १८८५ मध्ये तिला रीतसर नगराचा दर्जा मिळाला. कृष्णवर्णीयांनी स्थापन केलेलं, दर्जा मिळालेलं अमेरिकेतलं हे सर्वांत जुनं नगर. अनेक पूर सोसल्यावर १९६७ मध्ये लष्कराच्या अभियंत्यांनी बांध घातला. तीस वर्षं तो टिकला. फ्लॉइडमध्ये पाणी बांधाला वळसा घालून आणि वरून आलं, आणि मग बांधानंच ते आत कोंडून धरलं. दहा दिवस गाव पाण्याखाली. इथेही शवपेट्या वर आल्या.

सरकारनं दोन पर्याय ठेवले. घरं विकत घेतो, दुसरीकडे जा, किंवा बांध दुरुस्त करून देतो, इथेच राहा. नगर मंडळात मतदान झालं. ३ विरुद्ध २. राहायचं ठरलं.

त्या वेळी आमच्या क्षेत्रातली बहुतेक माणसं डोक्याला हात लावत होती. आकड्यांनी पाहिलं तर उत्तर सोपं होतं. पण त्याच काळात जवळच्या किन्स्टन गावात उलट झालं होतं. फ्रॅन आणि फ्लॉइडनंतर तिथली लिंकन सिटी ही कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती सरकारनं विकत घेतली. घरं पाडली, जमीन मोकळी ठेवली. आता कितीही पूर येवो, तिथे कुणी बुडत नाही. पण वस्तीही उरली नाही. माणसं चार दिशांना गेली. आपल्याकडे कोयनेच्या धरणानं उठलेल्या गावांतली मुलं आपल्याच वर्गात होती, तेव्हा गाव उठणं म्हणजे काय हे आपण अगदीच ऐकलेलं नाही असं नाही. डायमंड सिटीचे लोक एकत्र उठले, एकत्र बसले, घरंसुद्धा तीच घेऊन गेले. तसं पुन्हा कुणाला जमल्याचं मी पाहिलेलं नाही. प्रिन्सव्हिल ऑक्टोबर २०१६ मध्ये 'मॅथ्यू' वादळात पुन्हा बुडालं, आणि पुन्हा लोक परतले. मी त्यांना शहाणपण शिकवायला जात नाही. त्यांच्या पणजोबांना दुसरी जमीन मिळाली असती तर त्यांनी ती घेतलीच असती.

फ्लॉइडचा एक चांगला परिणाम झाला. पुराचे नकाशे तिथे केंद्र सरकार करत असे. ते जुने आणि ढोबळ होते. २००० मध्ये नॉर्थ कॅरोलिनानं ते काम स्वतःकडे घेतलं, असं करणारं ते पहिलं राज्य. विमानातून लेसरचे किरण टाकून सगळ्या राज्याच्या जमिनीची उंची मोजली. आज कुणीही आपला पत्ता टाकून घराला पुराचा धोका किती ते बघू शकतो. घर घेणारे किती जण बघतात हा वेगळा विषय. स्वयंपाकघरातला ओटा कोणत्या दगडाचा हे मात्र सगळे बघतात.

२००३ मध्ये 'इझाबेल'नं हॅटरस बेट कापलं आणि अभियंत्यांनी दोन महिन्यांत वाळू भरून ते पुन्हा जोडलं. २०११ मध्ये 'आयरीन'नं त्याच बेटांवरचा एकमेव रस्ता तोडला. हे चालूच असतं. रोडँथे गावात तर आता वादळ नसतानाही समुद्रकाठची घरं एकेक करून लाटांत कोसळतात. २०२० पासून डझनाहून जास्त घरं त्या पट्ट्यात गेली आहेत.

२०१८ चं 'फ्लॉरेन्स' मात्र सांगायला हवं, कारण त्यात आकड्यानं लोकांना फसवलं. तिथे वादळांना १ ते ५ अशी श्रेणी देतात. ती श्रेणी फक्त वाऱ्याच्या वेगावर आहे, पाण्याचा त्यात विचार नाही. फ्लॉरेन्स समुद्रात चारवर होतं. १४ सप्टेंबरला विल्मिंग्टनजवळ जमिनीवर आलं तेव्हा एकवर उतरलं होतं. लोकांना हायसं वाटलं. आणि मग ते माणसाच्या चालीनं चालू लागलं. एलिझाबेथटाऊन या गावात जवळपास ३६ इंच पाऊस पडला, राज्यात कुठल्याही वादळानं पाडलेल्या पावसाचा हा उच्चांक. विल्मिंग्टनकडे जाणारे रस्ते बुडाले आणि सव्वा लाख वस्तीचं शहर काही दिवस बेट झालं. निसर्गच्या वेळी आपण सुपारीच्या बागा आडव्या झालेल्या पाहिल्या, तो वारा होता. २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडालं, त्याला तर वादळाचं नावही नव्हतं.

आता शेवटचं, सप्टेंबर २०२४, 'हेलीन'. ते आमच्या किनाऱ्यावर आलंच नाही. ते फ्लोरिडात, मेक्सिकोच्या आखाताकडून जमिनीवर आलं आणि दुसऱ्या दिवशी आमच्या राज्याच्या पश्चिम डोंगरात पोचलं. अ‍ॅशव्हिल हे तिथलं सुंदर शहर, समुद्रापासून चारशे किलोमीटरवर. किनारा सोडून लोक तिथे राहायला जात. हवामान बदलापासून सुरक्षित जागा म्हणून वर्तमानपत्रांत त्याची नावं येत. वादळ यायच्या आधीच दोन दिवस तिथे धो धो पाऊस पडला होता. त्यावर हेलीन. बसिक नावाच्या ठिकाणी तीन दिवसांत ३० इंचांहून जास्त पाऊस. डोंगरात पाणी अडायला आणि पसरायला जागा नसते. दरडी कोसळल्या, त्या शेकड्यांनी नव्हे तर हजारांत मोजाव्या लागल्या. आपल्या तळिये आणि माळीणची आठवण तुम्हाला इथे होईल, मला तरी झाली. राज्यात शंभरहून जास्त माणसं गेली. अ‍ॅशव्हिलचे पाण्याचे मुख्य नळच वाहून गेले आणि शहराला पिण्याजोगं पाणी नळाला यायला ५३ दिवस लागले. त्या डोंगरातल्या फार थोड्या घरांचा पूरविमा होता, कारण पूर म्हणजे किनाऱ्यावरचा अशीच समजूत.

रॅलेहून आम्ही मंडळाची काही जणं पाण्याच्या बाटल्या, लहान मुलांचं दूध आणि जनरेटर घेऊन गेलो होतो. तिथे एक वयस्क बाई भेटल्या. त्या म्हणाल्या, "आजी सांगायची सोळा सालच्या पुराचं. आम्हाला वाटायचं म्हातारी वाढवून सांगते."

सोळा साल म्हणजे जुलै १९१६. तेव्हाही असंच झालं होतं. आधी आखाताकडून आलेल्या एका वादळानं डोंगर भिजवले, आठवड्याभरात अटलांटिककडून दुसरं आलं. अल्टापास या ठिकाणी चोवीस तासांत २२ इंच पाऊस, तेव्हाचा देशातला विक्रम. अ‍ॅशव्हिलमध्ये फ्रेंच ब्रॉड नदी २३ फुटांवर चढली. हेलीनमध्ये ती साडेचोवीसच्या वर गेली. म्हणजे नवीन काहीच नव्हतं. नदी १०८ वर्षांनी त्याच वाटेनं आली, दीड फूट जास्त घेऊन. आणि तरी नदीकाठच्या त्याच जागेवर कलादालनं आणि उपाहारगृहं उभी राहिली होती. सगळ्यात विलक्षण म्हणजे अमेरिकेच्या हवामानाच्या नोंदींचं राष्ट्रीय भांडार याच अ‍ॅशव्हिलमध्ये आहे. १९१६ चे आकडे त्याच शहरात कपाटात होते.

तर मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर. लोक करतात काय? खिडक्यांना फळ्या मारतात, गाडीत इंधन भरतात, सांगितलं की निघतात, बहुतेक जण. समुद्रकाठची नवी घरं उंच खांबांवर बांधतात. विमा घेतात, किंवा परवडत नाही म्हणून घेत नाहीत. राहतात कशाला? कुणी समुद्र आवडतो म्हणून, कुणी पैसे गुंतवलेत म्हणून, कुणी मासेमारी करतं म्हणून, आणि प्रिन्सव्हिलसारखे कुणी त्यांच्या वाट्याला तीच जमीन आली म्हणून. या सगळ्यांना एका मापानं मोजता येत नाही, आणि सरकारी योजना नेमकं तेच करतात.

मला एक मागणी करायची आहे, मुख्याध्यापक समोर आहेत तोवर. आपल्या पट्ट्यात 'निसर्ग'च्या दिवशी समुद्र कुठवर आला, 'तौक्ते'त कुठवर, २००५ च्या २६ जुलैला खाडीचं पाणी कोणाच्या कितव्या पायरीला लागलं होतं, हे आज या मांडवातल्या माणसांना ठाऊक आहे. ते कुठल्याच नकाशावर नाही. मी तीन जाड वह्या आणल्या आहेत. एक नोंदणीच्या टेबलावर आहे, एक जेवणाच्या मांडवात, एक शिक्षकांच्या खोलीत. वाडीचं नाव, तारीख, आणि पाणी कुठे लागलं होतं, एवढंच लिहा. देवळाची पायरी, विहिरीचा कठडा, पारावरचा दगड, काहीही चालेल. ज्यांना लिहिणं होत नाही त्यांच्या शेजारी नातवंडाला बसवा. आठवी-नववीची मुलं दिवाळीच्या सुटीत त्या जागांची उंची मोजतील, लागणारं उपकरण मी इथेच ठेवून जाणार आहे आणि विज्ञानाच्या सरांनी ते शिकवायचं कबूल केलं आहे. वह्या उद्या दुपारी समारोपाच्या आधी गोळा करू. आणि ज्या आज्या आलेल्या नाहीत त्यांच्या घरी कोण जाणार, त्याची यादी आत्ता चहाच्या वेळी करू या.